सरांची न सुटणारी साखळी

आमच्या सरांनी आयुष्यात एकाही विद्यार्थ्याला त्याच्या नावानं हाक मारली नाही. नावं लक्षात राहत नव्हती असं नाही, पटत नव्हती. "नाव आईबापानं ठेवलेलं. त्यात तुमचं काय कर्तृत्व? गाव कसं, अंगाला चिकटून येतं," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे भोकरचा पोरगा भोकर, हदगावची पोरगी हदगाव आणि मी अहमदपूर. एकदा विद्यापीठाच्या गेटसमोरच्या टपरीवर ते ओरडले, "अरे भोकर, हदगाव निघाली का? आन् अहमदपूर अजून कसं आलं न्हाई?" शेजारी चहा पीत बसलेला एसटीचा कंडक्टर कप ठेवून उठला आणि म्हणाला, "साहेब, अहमदपूर लागलीय, पळा."

सर मूळचे उदगीरचे, नांदेडला विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवायचे. आमच्या विभागात बाकी सगळे भट्टीवाले. कसली तरी पावडर भाजायची, तिचा पातळ थर काढायचा, त्याचा आलेख काढायचा आणि वर्षाला पाच पोरं पीएचडी करून बाहेर काढायची. सरांकडं भट्टी नव्हती, यंत्र नव्हतं, फळा होता आणि तो पुसायचा नाही अशी सफाईवाल्या मावशींना ताकीद होती. तपासणीला आलेल्या समितीनं विचारलं, "सर, आपली प्रयोगशाळा कुठं आहे?" सरांनी टकलावर टिचकी मारली आणि म्हणाले, "हीच हाय. वीज लागत न्हाई, फक्त शेंगा लागतात." खिशात भाजक्या शेंगा कायम. टरफलं आमच्या हातात.

ते करायचे काय, हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. चुंबकाचे बारीक बारीक कण एका ओळीत उभे आहेत असं समजा. प्रत्येकाचं तोंड वर किंवा खाली, नाहीतर क्वांटमच्या कृपेनं थोडं वर थोडं खाली. आणि प्रत्येकाला ऐकू येतं ते फक्त शेजाऱ्याचं. झाली साखळी. एवढंच. माझ्या आत्यानं विचारलं होतं, "पोरगी कशावर शिकून राहिली?" साखळीवर म्हटल्यावर तिचा चेहरा असा खुलला, की मी पुढचं सांगायचं टाळलं.

एवढी साधी ओळ, पण तिच्या पोटात काय चाललंय ते काढणं महाकर्मकठीण. बहुतेक साखळ्या सुटत नाहीत. थोड्या सुटतात, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. का सुटतात, ते सर भावकीवरून शिकवायचे. "तिघांचं भांडण हाय. दोघादोघांत बसवून मिटवता आलं पाहिजे. आधी थोरला-मधला, मग मधला-धाकटा, कसंबी मिटवा, क्रम उलटा लावा, निकाल तोच आला पाहिजे. असं झालं तर साखळी सुटली. आमच्या भावकीत असं एकदाबी झालं न्हाई, म्हणून उदगीरच्या कोर्टात वकिलांची घरं चालून राहिली." वर्ग हसायचा. भोकर मात्र हसायचा नाही, कारण त्याच्या घरी तेच चाललं होतं.

आणि कधी कधी साखळी अशा टोकाला येते, की बोलणं फक्त शेजाऱ्याशी, पण खबर या टोकाची त्या टोकाला. त्याला क्रांतिक अवस्था म्हणतात. हे शिकवायला सरांना कष्ट पडत नसत. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली होती त्या महिन्यात ते व्हरांड्याकडं बोट दाखवून म्हणाले, "बघा. प्रत्येकजण बाजूच्याच्या कानात सांगून राहिलाय, आन् कोपऱ्यातल्या मावशीला अख्खी यादी पाठ." प्रमुखपद त्यांनी स्वतः कधी घेतलं नाही. पद घेतलं की सही करावी लागते आणि सही करायला शेंगा खाली ठेवाव्या लागतात.

त्यांचा जीव अडकला होता तो एका साखळीत. ती त्यांनीच तयार केली होती. साध्या साखळीला त्यांनी एक पीळ दिला होता, ज्यानं डावीकडून पाहिलं तर एक दिसायची आणि उजवीकडून पाहिलं तर दुसरी. ही सुटते असा सरांचा पक्का वहीम होता. तिच्यात कुठंतरी एक लपलेली, ऊर्जेसारखी कधीच न बदलणारी राशी आहे, ती सापडली की कुलूप उघडलं. ती राशी ते वर्षानुवर्षं शोधत होते. "एक साखळी सुटावी गं माझ्या हातून. एकच. मला न्हाई बक्षीस पाहिजे, न्हाई पुतळा. निवृत्त व्हायच्या आत एक सुटली की मी उदगीरला जाऊन मुकाट बसतो." हे ते हसत म्हणायचे. पण फळ्यासमोर एकटे उभे असले की चेहरा हसरा नसायचा, हे मी पाहिलंय.

सरांना एका शब्दाची भयंकर चीड होती, 'जवळजवळ'. भोकर एकदा म्हणाला, "सर, उत्तर जवळजवळ बरोबर आलं." सर म्हणाले, "जवळजवळ म्हणजे न्हाई. तुझं लग्न जवळजवळ जमलं, म्हणून वाजंत्री सांगितलीस का?" बिचाऱ्याचं त्याच आठवड्यात फिसकटलं होतं.

त्यांची आणखी एक रीत म्हणजे रविवार. रविवारी सकाळी त्यांच्या घरी जायचं, काकूंनी समोर ठेवलेली परातभर तूरडाळ निवडायची आणि निवडता निवडता अभ्यासाचं बोलायचं. काकू शाळेत मास्तरीण, त्यांना वेळ नसायचा. सर सांगायचे, "हात रिकामा असला की तोंड खोटं बोलतं." डाळीतला खडा त्यांना चष्म्याशिवाय दिसायचा. बोलणं फार लांबलं की काकू आतून कन्नडमध्ये ओरडायच्या, "साकु!" म्हणजे पुरे. मग पोहे यायचे.

या रविवारांत एकच गोष्ट त्यांनी आमच्या डोक्यात हातोड्यानं ठोकली: आधी निवडा, मग आलेख काढा. साखळीच्या ऊर्जेच्या पायऱ्या संगणकावर काढता येतात. साखळी सुटणारी नसेल तर त्या पायऱ्या एकमेकींपासून अंतर राखून बसतात. सुटणारी असेल तर बेफिकीर, कुणी कुणाला खेटूनही बसतं. पण एक फसगत असते. सर म्हणायचे, "भांडलेले भाऊ पंगतीत शेजारी बसत न्हाईत. पण त्याच पंगतीत दुसऱ्या घराण्याची माणसं घुसवा. मग सगळे खेटून बसलेले दिसतात, आन् फोटोवाल्याला वाटतं, व्वा, काय एकी हाय! म्हणून आधी घराणी वेगळी करा. साखळी आरशात बघा, उलटी करा, सरकवून बघा. काय केलं तर ती तशीच राहती, त्यावरून घराणी पडतात. एकेका घराण्याची पंगत वेगळी बसवा. मग बघा कोण कुणाला खेटतंय." हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणू शकते.

तर निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना माझ्या लॅपटॉपवर सरांच्या साखळीचा आलेख आला. पायऱ्या बेफिकीर बसलेल्या. सुटणाऱ्या साखळीचा जसा यायला हवा, त्यापेक्षा किंचित हललेला, पण तसाच. सर खुर्चीतून उठले, पडद्याला नाक लावून उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, जवळजवळ जुळून राहिलंय की!"

त्या माणसाच्या तोंडून तो शब्द! पण सर आनंदाच्या भरात शेंगा टरफलासकट खात होते, त्यामुळे बोलायची माझी छातीच झाली नाही, आणि खरं सांगायचं तर चूक काय असेल हे मलाही दिसत नव्हतं. आरसा आम्ही तपासला होता. साखळीला पीळ, आरशात ती वेगळीच दिसणार, म्हणजे आरशाची घराणी नाहीत. झालं. सरांनी स्वतः शोधनिबंध लिहिला, इंटरनेटवर टाकला आणि विभागात पेढे वाटले. भट्टीवाल्यांनीही दोन दोन खाल्ले.

पेढ्याच्या वासानं वार्ताहर आला. दुसऱ्या दिवशी बातमी: नांदेडच्या प्राध्यापकाने सोडवले विश्वाचे कोडे. सर बोंबलले, "विश्वाचं कुठं? एका ओळीचं, आन् तेबी पुरतं न्हाई. राशी सापडायची हाय अजून!" पण बातमी गेली ती गेली. तिसऱ्या दिवशी लातूरहून एका मोठ्या क्लासच्या संचालकांचा फोन: सत्कार करायचाय, आमच्या पोरांना प्रेरणा द्या. सर नको नको म्हणत होते, पण इस्त्रीचा शर्ट काकूंना त्यांनीच मागितला, हे काकूंनी मला मागाहून सांगितलं.

आम्ही दोघं भर उन्हात बसनं निघालो. स्टँडपर्यंत मी स्कूटीवर आले होते, त्यामुळे आमच्याकडच्या सगळ्या पोरींसारखी स्कार्फ बांधून, कोपरापर्यंत हातमोजे चढवून. लोह्याचं स्टँड मागं पडल्यावर घामानं जीव नकोसा झाला, मी मोजे ओढून काढले. डावा मोजा ओढताना उलटा झाला. सर शेंगा फोडत होते, टरफलं माझ्या ओढणीत. त्यांची नजर मोज्यावर पडली आणि हात थांबला.

"दे इकडं," म्हणाले. आणि तो फुलाफुलांचा मोजा त्यांनी स्वतःच्या उजव्या हातात चढवला. अंगठा बरोबर अंगठ्यात. मागच्या सीटवरच्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"हा कुठल्या हाताचा?"

"डाव्या, सर."

"मग उजव्यात कसा बसला?"

"उलटा झालाय ना तो."

सरांनी मोज्यातला हात वळवून आधी तळवा पाहिला, मग पाठ. बराच वेळ फुलाफुलांचा हात समोर धरून बसले. मग अगदी हळू म्हणाले, "आरशात आपली साखळी वेगळी दिसती, म्हणून आपण आरसा सोडून दिला. पण आरशातबी दाखवली आन् वरून सगळ्यांची तोंडंबी उलटी केली तर? वरचं खाली, खालचं वर?"

मी तिकिटाच्या मागं दोन ओळी लिहून पाहिल्या. साखळी तशीच्या तशी येत होती.

"दोन घराणी एका पंगतीत बसवली आपण," सर म्हणाले. "आपण म्हणजे मी. अहमदपूर, उतर."

"पण सर, सत्कार..."

"तुझं गाव आलंय. उतर म्हणलं ना."

अहमदपूरच्या स्टँडवर सिमेंटच्या बाकावर मी लॅपटॉप उघडला. बाजूला एक म्हातारा घरी न्यायच्या कोंबड्या सांभाळत बसला होता. माझ्या वडिलांचं, अप्पांचं दुकान हाकेच्या अंतरावर, पण सर म्हणाले, आधी पंगत. घराणी वेगळी केली, गणित पुन्हा चालवलं. आलेख आला. पायऱ्या एकमेकींपासून चांगल्या अंतर राखून बसलेल्या, कुणी कुणाच्या वाऱ्याला उभी नाही. दुसरं घराणं काढलं. तेच.

"न्हाई सुटत," सर म्हणाले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला आणि परत काढला. मला त्यांच्याकडं बघवेना. मी म्हटलं, "सर, आज सत्कार घेऊन टाकू. उद्या निबंध मागे घेऊ. कुणाला काय कळतंय?" ते माझ्यावर ओरडले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. नुसते म्हणाले, "आज सांगितलं तर ती चूक हाय, पोरी. उद्या सांगितलं तर चोरी."

पुढच्या बसनं आम्ही लातूरला पोचलो. क्लासच्या दारात भला मोठा फ्लेक्स, त्यावर सरांचा फोटो आणि मागं ब्रह्मांड फिरतंय. हॉल पोरापोरींनी गच्च. संचालकांनी शाल घातली, नारळ दिला, विश्वाचं कोडं तीनदा म्हटलं आणि माईक सरांच्या हातात दिला. सर म्हणाले, "बातमी चूक हाय. साखळी सुटत न्हाई. मी चुकलो." हॉलमध्ये हशा. पोरांना वाटलं, गंमत करून राहिलेत. मग सरांनी माझा मोजा खिशातून काढला आणि त्या क्लासच्या मंचावर, फ्लेक्सवरच्या ब्रह्मांडासमोर, आपण नक्की कुठं शेण खाल्लं ते पोरांना समजावून सांगितलं. हशा थांबला. पुढच्या रांगेतली एक मुलगी स्वतःचा मोजा उलटा करून बघायला लागली.

संचालक कावरेबावरे झाले. माईक ओढून म्हणाले, "सरांचा मोठेपणा आहे. तरी जवळजवळ सुटली असं म्हणायला काय हरकत आहे?"

"जवळजवळ म्हणजे न्हाई!" सर माईकशिवाय ओरडले, आणि ते मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. शाल मात्र त्यांनी परत केली नाही. बसमध्ये मला म्हणाले, "खरं बोलायची एवढी तरी फी घ्यावी माणसानं."

निबंध मागे घेतला. वार्ताहराला फोन केला तर तो म्हणाला, "सुटलं न्हाई याची कसली बातमी, सर?" भट्टीवाले व्हरांड्यात विचारायचे, "काय सर, तुटली का साखळी?" सर म्हणायचे, "पेढे परत द्या, मग सांगतो." माझा प्रबंध नव्यानं लिहावा लागला. मला पदवी मिळाली, सर निवृत्त झाले आणि उदगीरला गेले. निरोपाच्या दिवशी सामानाचा टेम्पो भरत असताना मी म्हटलं, "सर, आता तरी सोडा ती. सुटत नाही हे दिसलं ना?" तर म्हणाले, "दिसलं म्हणजे आकड्यांत दिसलं, तेबी आखूड साखळीवर. सिद्धता कुठाय? राशी तिथंच असंल. मला दिसंना एवढंच. माझ्या जागी दुसरा कुणी डोकेबाज असता तर त्याला दिसली असती." हे ते हसत म्हणाले नाहीत.

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. मी लातूरला कॉलेजात लागले. तोवर परदेशात लोकांनी एक नवी रीत काढली होती. साखळी सुटते हे नव्हे, तर सुटूच शकत नाही हे पक्कं सिद्ध करायची. राशी आहे असं धरून चालायचं, तिचा एकेक तुकडा लिहायचा आणि ती बदलत नाही या अटीवर प्रत्येक तुकडा तपासायचा. तिच्यात काही उरलं तर राशी आहे. मी दिवाळीच्या सुट्टीत सरांच्या साखळीवर ती रीत लावली. एकेक तुकडा शून्य झाला. शेवटी काहीच उरलं नाही. कितीही लांब साखळी घ्या, ती राशी कुठंच नाही. कधीच नव्हती.

मला आनंद झाला नाही. रडायला आलं. हे सरांना कसं सांगायचं? माणसानं उभं आयुष्य जी वस्तू शोधण्यात घालवलं, ती नव्हतीच, हे तोंडावर जाऊन सांगायचं? त्यात त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ये गं. पण जपून बोल. दिवसभर भिंतीकडं बघत बसतात. रात्री डोळा लागत न्हाई त्यांचा."

उदगीरला दुपारी पोचले. सर खाटेवर बसले होते, अर्धे झालेले. आवाज मात्र तोच. "काय घेऊन आलीस? तोंड असं का पडलंय? फिसकटलं का काही?" मी म्हटलं, "सर, तुमच्या साखळीवर काम केलंय." ते सरसावून बसले. मी कागद काढले. त्यांनी एकेक ओळ वाचायला लावली. दोनदा थांबवलं, एकदा शिवी घातली, एका ठिकाणी माझी चूक काढली, ती मी तिथंच दुरुस्त केली. शेवटच्या ओळीला आलो. सगळं शून्य.

सरांनी शेवटचा कागद उलटून मागची कोरी बाजू पाहिली. मी घाबरून काकूंकडं पाहिलं.

"म्हणजे ती नव्हतीच?" त्यांनी विचारलं.

"नव्हतीच, सर. कुणालाच सापडली नसती."

"कुणालाच?"

"जगात कुणालाच."

सरांनी कागद छातीशी धरले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसतही होते. "अगं, मला वाटायचं ती हाय, आन् मीच आंधळा. इतकी वर्षं वाटायचं, मीच कमी पडलो." मग खच्चून ओरडले, "ऐकलंस का गं! नव्हतीच ती!"

काकू म्हणाल्या, "कोण नव्हती?"

"राशी! साखळीतली!"

"मग इतकी वर्षं कुणाला हुडकत होता?" म्हणत काकू चहा टाकायला उठल्या, पण पदरानं डोळे पुसतच गेल्या.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी सर गेले. मी मातीला पोचू शकले नाही, याची हळहळ आहे. नंतर काकूंशी फोनवर बोलले, रडले. काकूच मला समजावत होत्या. म्हणाल्या, "तू येऊन गेलीस ना, त्या दिवसापासनं ते रात्री झोपायला लागले बघ. आन् काय सांगू तुला, घोरायचे! लग्न झाल्यापासनं मी त्यांना कधी घोरताना ऐकलं नव्हतं."